रायफलीचा वाटा

"पावण्यांना चाफ्याखाली बसवा," मोरबातात्या म्हणाले, आणि जाखाईच्या देवळापुढं बसलेली सगळी गोठणवाडी माझ्याकडं बघून हसली.

हसण्यात वाकडं काही नव्हतं, तरी माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी गावची पारध होती. शिमग्याच्या आधी वर्षातनं एकदा सगळं गाव मिळून रानडुकरांच्या मागं जायचं, आणि आदल्या संध्याकाळी देवळापुढं बसून कोणी कुठं थांबायचं ते ठरवायचं, अशी त्या डोंगरातली रीत. तेव्हा शिकारीला आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि डुक्कर म्हणजे तर पिकाचा उघड वैरी. मोरबातात्या पारधीचे म्होरके. बंदूकवाल्यांना ते एकेक जागा वाटून देत होते, उरलेल्यांनी हाकारा घालायचा. सगळ्यांत मोक्याची जागा खिंडीची, कारण रान उठवलं की डुक्कर खिंडीकडंच धावतं. ती जागा एकेकाळी माझ्या सासऱ्यांची होती. यंदा तिथं दौलू बसणार होता, म्हणजे माझ्या बायकोचा चुलतभाऊ. आणि मला चाफा.

चाफ्याखाली डुक्कर आलेलं कुणाच्या आज्यानंही पाहिलं नव्हतं. खाली ओढा, वर चाफा, आणि मधे करवंदीची जाळी इतकी दाट की तिच्यातनं ससा निघाला तर तोही अंगावर ओरखडे घेऊनच निघावा. थोडक्यात, तात्यांनी मला माडीवर बसवून तमाशा बघायला लावलं होतं.

मी धीर करून म्हणालो, की माझ्याकडं रायफल आहे, बाकीच्यांकडं ठासणीच्या बंदुका आहेत, तर खिंडीत रायफल नको का? त्यावर तात्यांनी मला फार प्रेमानं समजावलं. या वर्षीचं डुक्कर साधं नव्हतं. कळपातनं फुटून एकटं फिरणारा एकुलगा होता तो. त्यानं गावची रताळी उकरून टाकली होती आणि ज्ञानू गुरवाची मांडी फाडून त्याला अंथरुणाला खिळवलं होतं. गावच्या माणसाला काही झालं तर ते नशीब. पण जावयाला काही झालं तर गावाच्या नावाला बट्टा. मग तात्या पोरांकडं वळले आणि म्हणाले, "चाफ्यापतोर वाट साफ करा रं. पावण्यांच्या पायात काटा मोडाय नको."

पुन्हा हशा पिकला. दौलू सगळ्यांत मोठ्यानं हसला.

आता माझं खरं दुखणं सांगतो. मी घरजावई. माझं गाव खाली पंचगंगेच्या काठाला, उसाच्या मुलखात. आम्ही चार भाऊ आणि जमीन एकालाही पुरी न पडणारी. सोनाचं स्थळ आलं, ती एकुलती एक, वडील वारलेले, घरात पुरुष माणूस नाही. बा म्हणाला, जा. मी आलो. माझ्या गावात त्या दिवसापासनं मी 'गेलेला' झालो, आणि इथं दोन वर्षं झाली तरी 'आलेला'च राहिलो. शेतात मी बैलासारखा राबत होतो, त्याला कुणाची ना नव्हती. पण उंबऱ्याच्या आत आलो की पाट, तांब्या, पहिली भाकरी. माझ्या सासूबाई तानूबाई, त्यांना मी मामी म्हणायचो, माझ्याशी एक शब्द थेट बोलायच्या नाहीत. डोक्यावरचा पदर पुढं ओढून सोनाला सांगायच्या आणि सोना मला सांगायची. मधे हातभर अंतर असलं तरी. गावात मला कुणी केरबा म्हणून हाक मारली नव्हती. म्हातारे 'पावणं' म्हणायचे, दौलूच्या वयाचे 'दाजी'. माझं नाव मीच विसरून जाईन की काय, असं कधीकधी वाटायचं.

आणि रायफलीचं असं, की ती सासऱ्यांची. तीनशे पंधराची, अक्रोडी दांड्याची, डोळ्यात भरणारी. ते गेले तेव्हा परवाना मामींच्या नावावर झाला आणि लग्नानंतर वापरणारा म्हणून माझं नाव त्यात चढलं. पण सासऱ्यांच्या मागं त्या रायफलीतनं एक बार निघाला नव्हता. पारधीत वाटे पडतात तेव्हा माणसाला एक वाटा असतो आणि ज्या बंदुकीनं जनावर पडतं त्या बंदुकीलाही एक. सासरे होते तोवर त्यांच्या घरात दोन-दोन वाटे यायचे. ते गेले आणि दोन्ही बंद झाले. पारधीच्या संध्याकाळी साऱ्या गावात मटणाचा वास सुटायचा आणि आमच्या चुलीवर आमटी.

दौलूला ती रायफल हवी होती. त्यात त्याचं चुकत होतं असंही नाही. त्याच्या चुलत्याची वस्तू, तो नेमबाज चांगला. त्यानं मामींना सरळ विचारलं होतं. मामींनी त्याला सांगितलं, या शिमग्याला रायफलीचा वाटा घरात आला तर रायफल घरात राहील. नाही आला तर घेऊन जा, भाऊकीत तरी राहील. नुसतं तेल पाजून लोखंड किती दिवस सांभाळू?

हे त्या मला बोलल्या नव्हत्या. सोनानं सांगितलं. रायफल गेली असती तर त्या घरात पुरुष नाही हे साऱ्या गावादेखत ठरलं असतं, आणि मी तर जिवंत त्या घरात बसलेलो.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मामींनी चुलीवरच्या माळ्यावरनं रायफल खाली घेतली होती. आमच्याकडं पाऊस असा, की भिंतीलाही शेवाळ धरतं, म्हणून ती धुराच्या उबेत ठेवलेली असायची. मामींनी जुन्या धोतराच्या फडक्यानं ती पुसली, डब्यातली काडतुसं काढली आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, "सोने, त्यांना म्हणावं काडतुसं लई दिसांची हायत. एखादं फुसकं निघंल. निघालं तर घाबरू नका म्हणावं, खटका मागं ओढायचा आन् दुसरं घालायचं."

सोना माझ्याकडं वळली. मी म्हणालो, ऐकलं.

"आन् चाफ्याखाली बसिवलंय म्हणून नाराज व्हऊ नका म्हणावं."

म्हणजे बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. होमगार्डच्या शिबिरात पत्र्यावर नेम धरायला शिकलेला मी, पत्रा पळत नाही आणि अंगावरही येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. जिवंत जनावरावर मी साधा खडासुद्धा नेमानं मारला नव्हता.

सकाळी ऊन तापायच्या आत निघालो. पोरांनी सांगितल्याहून जास्त काम केलं होतं. ओढ्यापासनं चाफ्यापर्यंत करवंदीची जाळी कोयत्यानं कापून बैलगाडी जाईल अशी वाट केली होती. काटे वेचून बाजूला टाकले होते. चाफ्याखाली घोंगडी अंथरली होती, वर तांब्याभर पाणी आणि फडक्यात चिरमुरे. मला बघून दौलू म्हणाला, "दाजी, उशी पायजे असली तर आत्ताच सांगा. मागनं हाकाऱ्यात आवाज ऐकू यायचा न्हाई."

मी हसलो. दुसरं काय करणार? सगळे आपापल्या जागी गेले. मी ओढ्याकडं पाठ करून बसलो, कारण तिकडनं काही येण्याची सोय नव्हती आणि समोर खाली खिंड स्वच्छ दिसत होती. निदान दौलू कसा मारतो ते तरी बघावं. चाफ्याला पान नव्हतं, नुसती फुलं. रानात पाचोळा इतका वाळलेला, की पाखरू उतरलं तरी खरखर ऐकू यावी.

मग लांब डोंगराच्या पोटात हलगी कडाडली.

पारधीत ज्यानं हलगी ऐकली नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. हलगीमागनं डबे, डब्यांमागनं माणसांच्या आरोळ्या, त्यांच्यावर ताण करून कुत्री. सगळं रान एका अंगानं माझ्याकडं सरकत होतं. आधी मोर उडाले. मग एक भेकर बाणासारखं खिंडीतनं गेलं, दौलूनं त्याला हात लावला नाही, तो मोठ्याची वाट बघत होता. मीही डोळे फाडून खिंडीकडं बघत होतो. रायफल मांडीवर, तळहाताला घाम. मी दोनदा तो धोतराला पुसला.

कुत्र्यांचा आवाज एकदम बदलला. इतका वेळ ती भुंकत होती, आता ती किंचाळायला लागली. कुणीतरी ओरडलं, "उठलाऽ, एकुलगा उठलाऽ!" आणि साऱ्या डोंगरानं ते उचललं. मी गुडघ्यावर आलो. खिंडीत दौलूही बंदूक खांद्याला लावून उभा राहिला होता. आता येईल, आता येईल. खिंड मोकळी ती मोकळीच.

आणि पाचोळा माझ्या पाठीमागं वाजला.

आधी मला वाटलं, माणूस आहे. इतकं ते सरळ येत होतं, ना थांबत, ना वळत. मान वळवून बघतो तर काय, ओढ्याकडनं, माझ्या पायात काटा मोडू नये म्हणून कापलेल्या त्या राजरस्त्यानं, तो येत होता. काळा, पाठीवरचे केस उभे, पुढं उंच आणि मागं उतरता, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी पांढरं काहीतरी चमकत होतं. हाकाऱ्यानं त्याला ओढ्यात रेटलं, ओढ्यात त्याला ही स्वच्छ वाट दिसली, आणि जनावर माणसासारखंच, काट्यातनं कशाला जाईल? गावानं जावयासाठी पायघड्या घातल्या होत्या आणि त्यांच्यावरनं वराह चालत आला होता.

मी वळलो कसा, रायफल खांद्याला गेली कशी, मला आठवत नाही. नळीच्या टोकाला नेमासाठी असते त्या माशीवर त्याची छाती आली एवढं आठवतं. घोडा ओढला.

टच्.

काडतूस फुसकं. बार नाही, धूर नाही, काही नाही. पण त्या एवढ्याशा आवाजानं त्याला मी दिसलो. तो थबकला. त्याचे डोळे बारीक, म्हाताऱ्या माणसाचे असावेत तसे, आणि त्यांत भीतीचा मागमूस नाही. जबडा वाजवत त्यानं डोकं खाली घातलं. मला पळायचं होतं. खरं सांगतो, अंगातला रोम न् रोम पळ म्हणत होता. पण हातांनी कुणाचं काय ऐकलं देव जाणे, खटका मागं गेला, फुसकं काडतूस घोंगडीवर पडलं, दुसरं आत सरकलं. तो निघाला होता. मी मारलं.

रायफलीनं खांद्याला अशी धडक दिली की मी मागं चाफ्याच्या बुंध्यावर आपटलो. तो गुडघ्यावर गेला, घसरला, पाचोळा उधळला. मेला, मी म्हणालो, मेला. आणि मेलेला तो उठला. खांद्यातनं रक्त वाहत होतं आणि तो तीन पायांवर येत होता, आवाज न करता. आरडाओरडा करून आला असता तर बरं वाटलं असतं. मी खटका ओढला. नळी आपोआप त्याच्याकडं वळत होती, इतका तो जवळ आला होता. त्याचा उग्र वास मला आला. तोंडावरचा फेस दिसला. मी नेम धरला नाही, नळी नुसती पुढं केली आणि घोडा ओढला.

तो घोंगडीवर येऊन पडला. चिरमुरे सगळीकडं सांडले. त्याचा एक सुळा माझ्या पायताणाच्या अंगठ्याला टेकला होता आणि मी बुंध्याला पाठ लावून बसलो होतो तो बसलोच.

सगळ्यांत आधी दौलू धावत आला. त्यानं डुक्कर पाहिलं, मला पाहिलं, वाट पाहिली, आणि खो खो हसत सुटला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच हसण्याचं नसावं. रायफल हातची गेली हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

"दाजी," तो म्हणाला, "मेलंय कोण, ते आधी सांगा."

मग मी ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही, शब्द नव्हताच त्यात. पंचगंगेच्या पुरात पोहून पलीकडं गेल्यावर पोरं ओरडतात तसं काहीतरी. खालनं हाकाऱ्यांनी आरोळी दिली, हलगी परत कडाडली, कुत्री येऊन पडलेल्या एकुलग्यावर तुटून पडली, पोरांनी मला उचलून उभं केलं. जो तो माझी पाठ थोपटत होता. आपण कापलेल्या वाटेनंच डुक्कर आलं म्हणून पोरं तर अशी ऐटीत, जणू हा डाव त्यांनीच रचला होता. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी सोनाला नंतर सांगितलंही.

वासा आणून त्याला डुकराचे चारी पाय बांधले. मी खांदा द्यायला पुढं झालो. तात्यांनी मला हात धरून मागं घेतलं आणि सांगितलं, पावण्यांनी ओझं उचलायचं नसतं. म्हणून देवळापर्यंत सगळी गोठणवाडी डुकराखाली वाकून चालली आणि मी मागनं रिकाम्या हातानं, वरातीतल्या नवरदेवासारखा. तिथपासनंच माझा आनंद जरा जरा गळायला लागला.

देवळापुढं डुक्कर फाडलं. तात्यांनी काळीज वेगळं काढलं, निखाऱ्यावर भाजलं आणि केळीच्या पानावर घालून मानानं माझ्यापुढं धरलं. पारधीत काळीज पाहुण्याला देतात. त्याच्याइतका चवीचा तुकडा दुसरा नसतो. मग तात्या म्हणाले, बंदुकीचा वाटा तानूबाईंच्या घरी जाईल, आता बाकीचे वाटे घाला. पोरं पानं मांडून त्यांवर तुकडे टाकायला लागली. जितकी माणसं पारधीत, तितकी पानं. मी मनात मोजत होतो आणि मला कळलं, माझं पान त्यात नव्हतं.

रायफल राहणार होती. मामींची अट पुरी झाली होती. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर संध्याकाळी सुखानं जेवलो असतो. पण मी ते काळीज तात्यांच्या हातात परत दिलं.

"मला वाटा पायजे," मी म्हणालो.

हलगीवाल्याचा हात थांबला. पाहुण्यानं काळीज परत करणं म्हणजे साऱ्या गावाचं ताट पायानं लोटणं. दौलूला ते झेपलं नाही, तो म्हणाला की काळीज सोडून हाडं मागताय, कोल्हा काकडीला राजी म्हणतात तो हाच. पण कुणी हसलं नाही. तात्यांनी पान खाली ठेवलं आणि मला समोर बसवून घेतलं. त्यांनी रागावून सांगितलं नाही, हेच मला जड गेलं. ते म्हणाले, वाटा म्हणजे मटण नव्हे. ज्याचा वाटा त्याचा खांदा. डुकराच्या वाशाला खांदा, देवळाच्या तुळईला खांदा, गावात कुणी मेलं तर तिरडीला खांदा. राखणीला त्यानं जागायचं, बांध फुटला की त्यानं धावायचं. पाहुण्याला यातलं काही नाही, म्हणून त्याला काळीज.

मी म्हणालो, देईन खांदा.

"देशीला," तात्या म्हणाले. "पर तुझ्या गावात तुझा वाटा हाय का न्हाई?"

होता. भैरोबाच्या जत्रेत बकरं पडतं, त्यात आमच्या घरचा एक, आणि त्यात चार भावांचा सारखा. मी नसलो तरी बा माझा वाटा काढून ठेवायचा. कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचा, केरबाचा ठेवलाय. त्या गावात मी गेलेला होतो, तरी माझं पान मांडलं जात होतं.

"एका माणसाला दोन गावांत वाटा नसतोय," तात्या म्हणाले. "हितं पायजे असंल तर तिकडचा सोडला म्हणून जाखाईपुढं सांगायचं. आज सांगितलंस की मग माघार न्हाई. तू मेल्यावर तुला हितली माणसं उचलत्याली. तिकडची न्हाईत."

तात्यांनी मला 'तू' म्हटलं हे माझ्या ध्यानात त्या वेळी आलंच नाही. माझ्यापुढं बा उभा होता, काठी टेकून, जत्रेच्या मांडवात, माझ्या नावाचं पान राखत. तोंड उघडलं तर ते पान आपल्याच हातानं उचलायचं होतं. आणि न उघडावं तर जन्मभर या ओट्यावर काळीज खात बसायचं होतं, एका सुंदर तुकड्याचा धनी आणि कुणाचाच नाही. तेवढ्या क्षणात मी जितका घाबरलो तितका डुकराला घाबरलो नव्हतो.

मी उठलो. जाखाईपुढं गेलो, हात जोडले.

"तिकडचा सोडला, आई."

रडू आलं. लाज वाटली नाही. मग मागं पानांची सळसळ ऐकू आली. वळून पाहिलं तर दौलू प्रत्येक पानावरनं एकेक तुकडा काढून एका नव्या पानावर ठेवत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वाटे घालताना पक्षपात होऊ नये म्हणून एकजण पानांकडं पाठ करून बसतो आणि दुसरा एकेका पानाला बोट लावून विचारतो, ह्यो कुणाचा? पाठमोरा एकेक नाव घेतो. ज्याचं नाव येईल त्याचं ते पान, मग त्यात काही का असेना. तात्या पाठ करून बसले. दौलू विचारत होता. नावं येत होती, शेळके, गुरव, सुतार, जो तो आपलं पान उचलून घेत होता. अंथरुणावरच्या ज्ञानूचंही नाव आलं. मी श्वास धरून उभा होतो, खिंडीकडं बघताना धरला होता त्याच्याहून जास्त.

"ह्यो कुणाचा?"

"केरबा," तात्या म्हणाले, आणि पुढच्या नावाकडं वळलेसुद्धा.

दोन पानं घेऊन मी घराकडं जवळजवळ पळतच निघालो. रायफल पाठीला, एका हातात तिचा वाटा, दुसऱ्यात माझा. रायफलीचा वाटा सुरेख पडला होता, मांडीचं लुसलुशीत मटण. माझ्या पानावर दोन बरगड्या, एक सांधा, कातड्याचा तुकडा आणि जराशी चरबी. गावात दुसरं कुणी असतं तर नशिबाच्या नावानं बोटं मोडली असती. मी ते पान छातीशी धरून नेत होतो.

बातमी घरी पोचली असणारच. मामी उंबऱ्यात उभ्या होत्या, सोना त्यांच्या मागं. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढं ठेवली. मामींनी आधी रायफलीचा वाटा पाहिला. त्यांनी तो पदराच्या टोकानं झाकला आणि बराच वेळ हात त्यावरच ठेवला. मग दुसऱ्या पानाकडं बघून सोनाला म्हणाल्या, "ह्यो कुणाचा, विचार त्यांना."

सोना काही विचारायच्या आत मी म्हणालो, "माझा. गावानं दिलाय. तिकडचा सोडला."

मामींनी मान वर केली. दोन वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडं असं पाहिलं नव्हतं. पदर डोक्यावरनं थोडा मागं सरकला, तो त्यांनी पुढं ओढला नाही. मग खाली वाकून त्यांनी माझं पान उचललं, बोटानं एकेक हाड उलटं केलं आणि तोंड वाकडं केलं.

"हाडंच आल्यात की रं," त्या म्हणाल्या. "ही शिजायला लई येळ लागंल. केरबा, उभा का ऱ्हायलास असा? परड्यात लाकडं पडल्यात, ती फोड जा आधी."

सोनानं तोंडाला पदर लावला. मी रायफल भिंतीला टेकवली, कुऱ्हाड उचलली आणि परड्यात गेलो. रायफलीनं खांदा सुजवला होता, प्रत्येक घावाला कळ जात होती. सगळा ढीग फोडूनच मी आत आलो. त्या दिवशी माझ्यासाठी पाट मांडलेला नव्हता.